धुऱ्यावरची तार

आमच्या शिवाराला जंगल लागून आहे. सोयाबीन दाण्यावर आलं की रानडुकरं उतरतात आणि एका कळपानं एक रात्र काढली की सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसतं. मचाणावर बसून जागल करणं, फटाके फोडणं, शेताच्या बांधावर, म्हणजे धुऱ्यावर, जुन्या साड्या लावणं, हे उपाय सगळेच करतात. आणखी एक उपाय आहे, त्याबद्दल कोणी मोठ्यानं बोलत नाही. शेताच्या धुऱ्याभोवती गुडघ्याएवढ्या उंचीवर बारीक तार ओढायची आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून तिच्यात करंट सोडायचा. संध्याकाळी तारेचं टोक पेटीत अडकवायचं, सकाळी काढायचं.

हे मी केलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी, जेमतेम महिनाभर. त्या महिन्यात डुकरांनी माझं एक झाड मोडलं नाही. मग एका सकाळी मी तार गुंडाळून ठेवली आणि का गुंडाळली ते बायकोलाही सांगितलं नाही.

यंदा माझ्या शेजारच्या वावरवाल्यानं तार ओढली. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. खुंट्या ठोकताना मी त्याला पाहिलं, त्यानं मला पाहिलं, आणि मी मान खाली घालून पुढे गेलो. काय बोलणार होतो? मला बोलायला तोंड नव्हतं. असे वीस दिवस गेले.

त्यातले शेवटचे तीन दिवस माझ्या वावरात सोंगणीच्या, म्हणजे सोयाबीन कापणीच्या, बाया येत होत्या. सात जणी. गावातून येताना त्यांची वाट दादाच्या धुऱ्यावरून होती. एका जागी त्या विळ्याच्या दांड्यानं तार खाली दाबायच्या आणि ओलांडून माझ्या बाजूला यायच्या. त्यांना ती साधी तार वाटत होती. दादा सकाळी टोक काढतोच, असं मी मनाशी म्हणायचो. रोज त्या तार ओलांडून येईपर्यंत मी विहिरीजवळ काहीतरी काम काढून पाठमोरा उभा राहायचो. हे लिहिताना हात थांबतो आहे, पण तसंच होतं. मी पाठ करून उभा राहायचो.

शेतीची लाईन, म्हणजे वीज, आमच्याकडे पाळीनं येते. एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा. सोमवारी पाळी बदलते. त्या सोमवारी दादाला बायकोला घेऊन अनसिंगला दवाखान्यात जायचं होतं. पहाटे लाईन गेली, तेव्हा तो शेतात होता. लाईनच गेली तर टोक कशाला काढायचं, असं त्याला वाटलं असावं. पाळी बदलल्याचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही. तो तसाच घरी गेला आणि गाडी काढून निघाला.

आठच्या सुमारास मी वावरात पोचलो तेव्हा त्याच्या पेटीचं झाकण उघडं दिसलं. आत टोक बटणाच्या वर, थेट लाईनवर अडकवलेलं होतं. मी फोन लावला, तो वाजत राहिला. टोक काढायला मी पेटीपर्यंत गेलो आणि हात पुढे होईना. लाईन नाही हे मला माहीत होतं. पण ती कधीही येईल हेही माहीत होतं. मी तिथे किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. मागून हसण्याचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर बाया धुऱ्यावर आल्या होत्या.

साडीवर नवऱ्याचे जुने शर्ट, डोक्याला रुमाल, साड्या वर खोचलेल्या. सगळ्यांत पुढे त्यांच्या म्होरक्या बाईची सून होती, याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. तिच्या मागे तिची सासू. या सासूला मी काकू म्हणतो.

मी ओरडलो. आवाज फुटला नाही. पुन्हा ओरडलो, "थांबा!"

सून थांबली. एक पाय तारेच्या अलीकडे, एक पलीकडे.

"काय झालं वो भाऊ?" काकू म्हणाली. "साप हाय काय?"

"साप असता त भाऊ झाडावर दिसले असते," मागून एक जण बोलली आणि सगळ्या हसल्या.

"तारेत करंट आहे," मी म्हटलं.

"करंट?" काकू म्हणाली. "लाईन त पहाटीच गेली."

"पाळी बदलली आज."

तेवढ्यात माझ्या विहिरीवरची मोटार सुरू झाली. संत्र्याला पाणी द्यायचं म्हणून ती मी ऑटोवर ठेवली होती, लाईन आली की आपोआप चालू होते. एकदम घरघर झाली आणि पाईपातून पाणी पडायला लागलं. पाण्याचा तो आवाज मी हजार वेळा ऐकला असेल. त्या दिवशी त्याचा अर्थ एकच होता, तारेत करंट आला.

तार होती तशीच दिसत होती. ठिणगी नाही, आवाज नाही. तिच्यावर दवाचे थेंब होते. सून तारेच्या दोन्ही बाजूंना पाय देऊन उभी होती आणि तार तिच्या मांड्यांच्या खाली, वीतभर अंतरावर होती. तिची साडी गवतातून आल्यामुळे गुडघ्यापर्यंत ओली होती.

"हालू नको माय," काकू म्हणाली. आवाज अगदी घरातल्यासारखा. "माह्याकडं पाह्य. विळा वर धर. असा. हालू नको."

"आत्याबाई, पाय कापून राह्यले."

"कापू दे. जागचे हालवू नको."

मग काकूनं माझ्याकडे पाहिलं. मी पेटीकडे वळलो.

तुराट्यांचा, तुरीच्या काड्यांचा, भारा तिथे पडलेला होता. वाळलेली एक तुराटी उचलली आणि तारेच्या टोकाला लावून ढकलली. ती मोडली. अर्धी माझ्या हातात राहिली. त्याच वेळी माझी पॅन्ट ओली झाली, हेही सांगून टाकतो. दुसरी तुराटी जाड पाहून घेतली. टोक एकदा हललं, परत बसलं. तिसऱ्यांदा चर्र झालं आणि ते सुटून खाली गवतात पडलं.

"निंघालं," मी म्हटलं.

"पक्कं?" काकू.

"पक्कं."

तिनं स्वतः पुढे होऊन सुनेच्या कमरेला हात घातला आणि तिला मागे ओढलं. पोरगी बसली ती उठेचना. तिच्या हातातला विळा सोडवायला दोघी लागल्या.

त्यानंतर कोणी कामाला लागलं नाही. तासाभरानं दादाची मोटारसायकल आली.

"काहून बसल्या वो साऱ्या?" त्यानं लांबूनच विचारलं. "सोंगणी हाय का सत्यनारायण?"

"तुह्या तारेचं दर्शन घेतलं," काकू म्हणाली. "परसाद वाटायचा राह्यला."

त्याला कळायला वेळ लागला. पेटी पाहून तो आला आणि कोणाकडेही न पाहता म्हणाला, "लाईन त गेली होती."

"आज सोमवार आहे दादा," मी म्हटलं.

"मंग? झालं का कोणाले काही? नाई ना?" आणि मग तो माझ्यावरच उखडला. "अन् तू कायले पाहून राह्यला माह्याकडं? तुह्याच धुऱ्यावर शिकलो मी. तुहं एक झाड मोडलं नाई तवा. तवा गोड लागलं?"

हे मला वीस दिवसांपासून ऐकू येत होतं. प्रत्यक्षात आत्ता ऐकलं, एवढंच. मला पळून जावंसं वाटलं. पण सुनेचे पाय अजून थरथरत होते आणि ते मला दिसत होते.

"दादा, त्या साली तुमचा कुत्रा हरवला नव्हता," मी म्हटलं. "माह्या तारेले चिकटला होता. मी त्याले नाल्यात पुरला. तुमी आठ दिवस हाका मारत फिरले, मी पाहत होतो. तवा तार काढली मी. काहून काढली हे तुमाले सांगतलं असतं त तुमी लावली नसती."

तो दोन पावलं पुढे आला. मारेल असं वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"सांगतलं काहून नाई?"

"भ्यालो."

काकू उठून माझ्यासमोर आली. "अन् ही तार? ही कवापासून माहीत हाय तुमाले?"

खोटं बोलता आलं असतं. आज सकाळीच दिसली, एवढं म्हटलं की झालं असतं. दादानंही काही म्हटलं नसतं.

"वीस दिवस झाले," मी म्हणालो.

"आमी तीन दिवसापासून इथून जाऊन राह्यलो, भाऊ."

"हाव."

"चला गं," तिनं बायांना सांगितलं. त्या आल्या वाटेनं परत गेल्या. दादाचं सगळं सोयाबीन उभं, माझंही निम्मं उभं.

सोंगणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत. शेंगा तडकायला लागल्या की प्रत्येक दिवस महत्त्वाचा. मी बायकोला घेऊन दोन दिवस कापत राहिलो, पाठ मोडली आणि अर्धा एकरही झाला नाही. दुसरी टोळी येईना. काकूनं सगळ्या टोळ्यांना सांगितलं होतं. बायकोला मी रात्री सगळं सांगितलं होतं. ती विळा चालवत होती, माझ्याशी बोलत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दादानं तार गुंडाळली. आम्ही दोघं काकूच्या घरी गेलो. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. बसा म्हणाली नाही.

"तार काढली," दादा म्हणाला.

"आमी कसं मानावं?"

"डोळ्यानं पाह्य येऊन."

"करंट डोळ्याले दिसते?" ती म्हणाली. "तुमी पुढं चाला. सारा धुरा अनवाणी फिरा. तुमच्या मागं आमी येतो."

दादा हसला, तिच्याकडे पाहिलं आणि हसायचा थांबला.

तेव्हापासून आमच्या गावात ती रीत पडली आहे. सोंगणीच्या पहिल्या सकाळी मालक आधी आपल्या धुऱ्यावरून अनवाणी चालतो, मग विळा लागतो. काहींना ते अपमानाचं वाटलं. एक जण काकूवर ओरडला, "आमच्यावर इश्वास नाई का?" ती म्हणाली, "इश्वास हाय. जोडे काढा." दोन वावरांतल्या तारा आदल्या संध्याकाळी गुपचूप निघाल्या. तिथे तारा होत्या हे तोवर कोणी कबूल केलं नव्हतं. हे सगळं त्या बाईनं केलं. माझ्या वाट्याचं काम एकच होतं, वेळेवर बोलणं, आणि ते मी वीस दिवस उशिरा केलं. तेवढ्या उशिरा केलेल्यानंही एक पोरगी वाचली, हे मी स्वतःला सांगतो, पण ते सांगताना बरं वाटत नाही.

पहिल्यांदा चाललो तो मीच. माझ्या धुऱ्यावर तार नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी पाय गार पडले. गवत ओलं होतं आणि प्रत्येक पाऊल टाकण्याआधी मी खाली पाहत होतो. मागे सात जणी, सगळ्यांत शेवटी ती सून. निम्म्या धुऱ्यावर माझा पाय उचललेला तसाच राहिला. खाली नुसतं गवत होतं.

"थांबले काहून?" काकूनं मागून विचारलं.

"भ्या वाटून राह्यलं."

"वाटू द्या," ती म्हणाली. "चाला."