कॅमेऱ्याला लागलेली हळद

माझ्या कॅमेऱ्याच्या बटणाशेजारच्या खाचेत अजून हळद आहे. ती दिसली की तिकोणा पेठ गावातला तो लग्नाचा मांडव आठवतो. हळदीचे फोटो काढायला गेलो होतो, नवी लेन्स जुन्या फर्मवेअरवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरवर, चालेना, म्हणून तिथेच अपडेट लावलं. पडद्यावर ‘बंद करू नका’ अशी धमकी आली, निळी पट्टी अर्ध्यापर्यंत गेली आणि थांबली. गावाशेजारच्या धरणावरून गार वारा येत होता, तरी माझी पाठ घामाने भिजली. नवरी पाटावर बसलेली, वाटीतली हळद सुकत चाललेली, आणि फोटोवाल्याशिवाय हळद लावायची नाही यावर घरच्या बायका ठाम. ‘भाऊ, व्हतंय का न्हाई?’ नवरीचा चुलता सारखा विचारायचा. मी कॅमेरा ठेवलेल्या टेबलाभोवती येरझाऱ्या घालत होतो, जवळ येईल त्याच्या अंगावर ओरडत होतो. शेवटी नवरीची मावशी उठली. ‘नव्या गाडीला हळद लावतो, मग ह्यानं काय घोडं मारलंय?’ म्हणत तिने कॅमेऱ्यावर हळदीचं बोट टेकवलंसुद्धा. ‘मावशी, हात नका लावू!’ मी किंचाळलो, आणि तेवढ्यात पट्टी सरकली. योगायोग, दुसरं काय! तेव्हाही मी सगळ्यांना हेच बजावलं, पण कुणी ऐकेल तर शपथ. आज घरी पुन्हा अपडेट लावलंय. पट्टी मघापासून अर्ध्यावरच अडकलीय, आणि मी स्वयंपाकघरात एकेक डबा उघडून हळद शोधतोय.