बिया काढलेली द्राक्षं

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी वॉशिंग्टन बेंतांकोर थोरल्या बहिणीच्या, झुलमाच्या, दारात उभा राहिला, तेव्हा तिची बॅग भरून उंबऱ्याशीच ठेवलेली होती. त्याने ती पाहिली, पाय उंच करून ओलांडली आणि फळांची पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आदळली. मग पुन्हा गाडीकडे गेला आणि वेताच्या टोपलीतली पांढऱ्या वाइनची मोठी बाटली काखेत धरून आला.

"हे काय?" झुलमाने विचारलं.

"क्लेरिकोचं सामान. रात्री फळं मुरवलेली वाइन नको का?"

"मी आज समुद्रावर चाललेय, वॉशिंग्टन. पाचची बस आहे. महिनाभर घसा कोरडा करून सांगतेय."

"मग जा की! तुला कोण नको म्हणतंय, जाडे?" त्याने तिच्या हातातला माते चहाचा पेला घेतला आणि नळीने एक लांब घोट ओढला. "पाचला अजून किती वेळ आहे. तेवढं करून ठेव आणि जाता जाता आमच्याकडे पोचव. आमचं घर स्टँडच्या वाटेवरच आहे."

झुलमा आयुष्यात कधी जाड नव्हती. लहानपणी गाल जरा वर होते, तेव्हा पडलेलं नाव साठी उलटली तरी चिकटून होतं. मीनास गावातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात ती वर्षभर पोरांसाठी बटाटे आणि भोपळे सोलायची. डिसेंबरात, इकडच्या भर उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागली की बाई मोकळी, असं सगळ्यांना वाटायचं. त्या मोकळ्या बाईची बोटं सकाळी उठल्यावर मिटायची नाहीत, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं.

या वर्षी तिच्याबरोबर काम करणाऱ्या नेल्बाने पिरियापोलिसला दोन खोल्या मिळवल्या होत्या, अगदी समुद्राजवळ. झुलमाने हो म्हटलं तेव्हा तिचाच तिच्या कानांवर विश्वास बसेना. एक वर्षअखेर, फक्त एक, हातात सुरी न धरता काढायची, एवढंच तिला हवं होतं. पाचची बस त्या दिवशीची शेवटची. पुढे ड्रायव्हरसुद्धा आपापल्या घरी कोकरू भाजायला जातात.

"नाही करत म्हटलं तर?" तिने विचारलं.

वॉशिंग्टन खरोखर गोंधळला. "अगं, मग कोण करणार? आमच्या बायकोला साधं सॅलड धड जमत नाही. तुझ्या हाताला चव आहे ती आहे." आणि तो आलेल्या वाटेने बॅग ओलांडून निघून गेला.

हाताला चव! हे शब्द पहिल्यांदा कोण बोललं, ते झुलमाला पक्कं आठवत होतं. ती शाळकरी मुलगी होती, आईला ताप होता, म्हणून त्या वर्षीचा क्लेरिको तिने केला. वडिलांनी एक पेला पिऊन सगळ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं की पोरीच्या हाताला चव आहे. तिला आकाश ठेंगणं झालं. धाकटी बहीण ओफेलिया शेजारीच उभी होती. ती हुशार, तिने त्याच क्षणी ठरवलं असणार की आपल्या हाताला चव येऊ द्यायची नाही. कौतुक फुकट मिळतं असं माणसाला वाटतं, आणि मग जन्मभर त्याचे हप्ते फेडत बसावं लागतं.

तर झुलमा बसली. पदार्थ म्हटलं तर काहीच नाही. पीच सोलायचे, बारीक कापायचे. संत्र्याच्या फोडींची पांढरी साल काढायची. सफरचंद, स्ट्रॉबेरी, साखर, वर वाइन, आणि झाकून थंड जागी मुरायला ठेवायचं. केळं उशिरा, नाहीतर त्याचा लगदा होतो. सीद्रा, म्हणजे सफरचंदाची फेसाळ दारू, अगदी वाढताना ओतायची, नाहीतर फेस मरतो. हे कोणालाही जमेल. माणसाला मारतात ती द्राक्षं.

बेंतांकोरांच्या क्लेरिकोत द्राक्षाला बी चालत नसे. एकेक द्राक्ष सुरीच्या टोकाने अर्धवट चिरायचं, बी काढायची, पण द्राक्ष दोन तुकडे होता कामा नये. हा नियम आईने केला, कारण वडिलांच्या कवळीखाली बी अडकायची आणि मग सणाच्या दिवशी ते जेवणावरून उठून जायचे. वडील गेले. कवळीही त्यांच्याबरोबर गेली. नियम मात्र राहिला, कारण आई म्हणायची, "आपल्याकडे असंच करतात." मग आईही गेली. झुलमा असंच करत राहिली.

पेटीच्या तळाशी द्राक्षं होती, उत्तरेकडून आलेली, मोसमातली पहिली, मोठाली. तिने दहाबारा चिरली आणि उजवा अंगठा आखडला. तिने तो डाव्या हाताने चोळला आणि खिडकीबाहेर बघत बसली. समोरच्या माडीवरून कोणीतरी, वर्षअखेरीच्या प्रथेप्रमाणे, रस्त्यावरच्या माणसावर बादलीभर पाणी ओतलं आणि तो खाली उभा राहून हसत शिव्या देत होता. वर्ष संपत होतं. सगळ्यांना हसायला वेळ होता.

तिला रूबेन आठवला. रूबेन मोटारी दुरुस्त करायचा, आणि ती पंचविशीत असताना त्याने तिला वर्षअखेरीला समुद्रावर चल म्हटलं होतं. त्याची बहीण तिथे राहायची, म्हणजे सगळं रीतसर होतं. आई म्हणाली, "जा की! फक्त क्लेरिको करून जा." ती बसली द्राक्षं घेऊन. रूबेन दारात मोटार चालू ठेवून थांबला, मग मोटार बंद करून थांबला, मग आत येऊन म्हणाला, "झुलमा, द्राक्षंच आहेत ना ती?" ती म्हणाली, "एवढी संपली की निघू." ती संपली तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता आणि रूबेनही गेला होता. ईस्टरच्या आत त्याचं तिकडेच कोणाशी जमलं. आता, किलोभर द्राक्षांइतका धीर नसलेला नवरा काय कामाचा, असं म्हणता येईल, आणि झुलमाने पुढे कितीतरी वर्षं स्वतःला तेच सांगितलं. पण तो बराच वेळ थांबला होता. हे तिला माहीत होतं.

तिने घड्याळ पाहिलं. उरलेली द्राक्षं चिरत बसलं तर बस चुकणार, यात शंका नव्हती. आणि मग तिच्या मनात एक गोष्ट आली, ती इतकी वाईट वाटली की तिने उठून दार लोटून घेतलं. तिने द्राक्षं देठावरून ओरबाडली आणि बियांसकट भांड्यात लोटली. उरलेले पीच सालीसकट मोठेमोठे कापले. साखर मापाने न घालता मुठीने टाकली. केळीही तेव्हाच टाकली. वरून वाइन ओतली आणि डाव फिरवला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तिने असं काही केलं नव्हतं. वॉशिंग्टनच्या दाताखाली पहिली बी आली की काय होईल? ओफेलिया भुवया उंचावेल. "झुलमा म्हातारी झाली," असं कोणीतरी हळूच म्हणेल. माफी कशी मागायची, ते तिने हात धुताना ठरवून टाकलं. हात दुखत होते, एवढंच म्हणायचं.

चारच्या सुमाराला तिने वॉशिंग्टनला, भांडं न्यायला ये म्हणून, फोन केला. तो म्हणाला, "विस्तव सोडून कसा येऊ, जाडे? कोकरू चढवलंय." मग ती भाड्याची गाडी करून निघाली. भांडं मांडीवर, बॅग पायाशी. वळणावर क्लेरिको हिंदकळून स्कर्टवर सांडला, आणि तसाच ओला स्कर्ट घेऊन ती भावाच्या अंगणात शिरली.

"आली, आली!" वॉशिंग्टन विस्तवापाशी उघडाबंब उभा होता. ओफेलिया सावलीत खुर्ची टाकून पंख्याने वारा घेत होती. भावजय मेबलने भांडं घेतलं. "चव तर बघू," म्हणत वॉशिंग्टनने सीद्राची एक बाटली फोडली, पेल्यात फळांवर थोडी ओतली आणि चमच्याने तोंडात कोंबलं.

झुलमा त्याच्या जबड्याकडे बघत राहिली.

त्याने डोळे मिटले. "आहाहा! हेच ते. आईच्या वेळची चव!" मग जिभेने काहीतरी पुढे आणलं, मान वळवून निखाऱ्यात थुंकलं आणि पुढचा चमचा भरला. "दुसऱ्या कोणाच्या बापाला जमणार नाही."

"मी घरी कितीदा केला," ओफेलिया मेबलने दिलेला पेला रिकामा करत म्हणाली, "असा होतच नाही. देवाने हात दिला तो झुलमाला, आम्हाला नुसती तोंडं दिली." तिने दोन बिया बोटांनी काढून खुर्चीच्या हातावर ठेवल्या, त्यांच्याकडे न बघताच.

"द्राक्षं कशी झालीत?" झुलमाने विचारलं.

"नेहमीसारखी!" दोघं एकदम म्हणाले.

झुलमाला वाटलं, खाली बसावं. खुर्च्या सगळ्या भरलेल्या होत्या, एकीवर बशा, दुसरीवर ओले टॉवेल.

"हे बघ, रात्री सीद्रा ओतायला तू हवीस," वॉशिंग्टन म्हणाला. "उद्या सकाळच्या बसने जा ना. समुद्र काय पळून जातोय?"

"बूच काढायचं आणि ओतायची. आत्ता ओतलीसच की."

"पण तुझ्यासारखी—"

"माझ्यासारखीच ओतलीस," ती म्हणाली आणि बॅग उचलली.

तिला वाटलं होतं, आता गलका होईल. ओफेलिया रुसेल, मेबल हात धरेल, आईचं नाव निघेल. तसं काहीच झालं नाही. मेबलने गालाचा मुका घेतला आणि सांगितलं, ऊन फार आहे, टोपी घाल. ओफेलियाने बसल्या जागेवरून पंखा हलवला. वॉशिंग्टन म्हणाला, "मजा कर, जाडे," आणि त्याने कोकरू दुसऱ्या बाजूवर फिरवलं.

स्टँड दोन गल्ल्या पुढे होता. नेल्बाने खिडकीची जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती. बस लगेच सुटली.

"सुटलीस बाई!" नेल्बा म्हणाली. "मी तर आशाच सोडली होती. म्हटलं, ही माणसं काही सोडत नाहीत हिला. काय सांगितलंस त्यांना?"

"काही नाही. बॅग उचलली."

"आणि त्यांनी सोडलं?"

"धरलं कुठे होतं गं कोणी," झुलमा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

नेल्बाने तिचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच घर सोडून सणाला निघालीय, जीव तुटणारच, असं तिला वाटलं. "बारा वाजता फोन करू हं त्यांना," ती समजुतीने म्हणाली.

झुलमाने मान हलवली. रूबेन दारात थांबला होता तेव्हाही कोणी धरलं नव्हतं, हे नेल्बाला कुठून सांगायला सुरुवात करायची?