एका पायावरची सत्यशीला

ब्रह्मपुरीच्या त्या राइस मिलमध्ये मशीन चालवायला कोणी शिकवत नसे. मशीन चालवणाऱ्या गुणवंतरावांना काही विचारलं तर ते एवढंच म्हणत, "पायत राह्य वो बाई!" झालं शिक्षण!

सत्यशीला बिचारी पाहत राहिली. तुसाची पोती भरून भरून तिचा घसा पार बसला होता. गुणवंतरावांचे गुडघे कुरकुरायला लागले होते, तेव्हा त्यांच्या जागी मशीनवर आपणच उभं राहायचं, पुन्हा तुसाचं तोंड पाहायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून तिने काहीच सोडलं नाही. चक्री किती फिरवायची, तांदूळ मुठीत घेऊन कसा पाहायचा, मशीनच्या पाठीवर थापा कशा मारायच्या, सगळं उचललं. मशीन सुरू झालं की गुणवंतराव, म्हणजे मिलमधल्या सगळ्यांचे भाऊ, उजवा पाय वर धरून उभे राहत, तेही उचललं.

मशीनवर तिला घ्यायचं का, हे ठरवायच्या परीक्षेला मालक अतुलशेठ घरचंच धान घेऊन आले. "तांदूळ तुटून कनकी पडली तर परत तुसावर!" त्यांनी आधीच सांगून टाकलं. सत्यशीलाने चक्री फिरवली, थापा मारल्या, पाय उचलला. तांदूळ असा अख्खा पडू लागला की शेठ खूश. मग त्यांची नजर खाली गेली.

"बगळ्यासारखी काऊन उभी हायेस वो?"

"भाऊ असेच उभे राह्यतेत."

गुणवंतराव हसून हसून भिंतीला टेकले. "अवं, माह्या टाचेत कुरूप हाये! टेकवली का कळ निघते!"

अख्खी मिल खिदळली. सत्यशीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "टेकव तो पाय," शेठ म्हणाले. तिने टेकवला. तोल सांभाळायची कटकट गेली आणि मन तडक घरी पोचलं. दूध झाकलं का नाई? मांजर तर टपूनच असते मेलं! इकडे मशीनचा आवाज बदलला, तिला पत्ताच नाही. खाली नुसती कनकी.

"माय वो!" तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गेलं मशीन, आलं तूस!

"उचल!" शेठच ओरडले. "उचल आधी तो पाय!"

तिने उचलला. डुगडुगत का होईना, लक्ष जागेवर आलं, चक्रीवर हात गेला आणि तांदूळ पुन्हा अख्खा पडू लागला. घाबरलेल्या शेठचाही एक पाय वरच होता.

"शेठ, मंग मशीनवर मीच ना?"

"हाव वो बाई, तूच!"

"मंग आता टेकवू?"

"खबरदार!"