नुसतं घर

चक्रीवादळात आमच्या पडवीची कौलं उडाली. विम्याच्या पाहणीला आलेल्या माणसाने विचारलं, “घराचा आधीचा फोटो आहे का?”

आम्ही मोबाइल धुंडाळले. पण नुसत्या घराचा फोटो कोण काढतं? बारशात, हळदीत घर आपलं कुणाच्या खांद्यामागे, कुणाच्या पदराआड. ते मागे असणारच या भरवशावर आपण त्याच्याकडे पाठ करून उभे राहतो. आणि समोरची माणसं असणारच, हा दुसरा भरवसा.

शेवटी एक सापडला. पडवीच्या खांबाला टेकून हसणारे अण्णा, माझे वडील. ते जाऊन वर्ष व्हायचंय. कौलं नीट दिसावीत म्हणून त्या माणसाने बोटांनी फोटो मोठा केला, तसे अण्णा खाली सरकत दिसेनासे झाले.

“राहू दे की त्यांना,” आई म्हणाली.

त्याने फोटो पुन्हा लहान केला.

मग तो अंगणातून पडझडीचे फोटो काढू लागला. आई त्याच खांबाशी उभी होती.

“काकू, जरा बाजूला होता का? नुसतं घर हवंय.”

आई बाजूला झाली. खांबावरचा हात मात्र तिने काढला नाही. तेवढा फोटोत आलाय.