काढू वायर?

"सेव्ह केलंस मां? मगे काढू वायर?" आमच्या मॅडम विचारायच्या, तेव्हा त्यांचा हात आधीच प्लगवर असायचा. हो म्हणालात की खस्सकन ओढलाच!

कुडाळच्या आमच्या कॉलेजातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा स्विच त्यांच्या ताब्यात, आणि मी त्यांच्या हाताखाली. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा डब्याचं काय कौतुक? अहो, त्यात टाइप केलेलं सेटिंग लगेच चालू होतं, पण सेव्ह नाही केलं तर वीज गेली की सगळं साफ! आणि आमच्याकडची वीज म्हणजे पाहुणीच.

"आता चालू आसा ता दाखय," त्या म्हणायच्या. मी दाखवायचो. "आता सेव्ह केलला दाखय." तेही. एका हाताने गळ्यातला क्रूस चाळवत, दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावर ठेवून त्या ओळ न् ओळ जुळवायच्या. मग प्लग! एखादी ओळ जुळली नाही तरीही! माझी दिवसभराची मेहनत त्यांनी तीनदा अशी घालवली. जाम राग यायचा.

मग आली आमची पहिली ऑनलाइन परीक्षा. देवगड, फोंडाघाटहून मुलं आलेली. मी अकरा महिन्यांच्या करारावर. परीक्षा नीट पार पडली तरच पुढचा करार, असं प्राचार्यांनी तोंडावर सांगितलेलं. सकाळी ते शेजारीच उभे. मॅडमचा हात प्लगवर.

"केलंस मां?"

केलं नव्हतं. घाईत राहिलं होतं! प्राचार्यांसमोर मी "हो" ठोकून दिलं.

मॅडमनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात काढला. "सर," त्या एकदम ऑफिसच्या मराठीत म्हणाल्या, "माझंच एक काम राहिलंय. दोन मिनिटं."

"मॅडम, आज तरी!" प्राचार्य कडाडले. मॅडमनी ऐकून घेतलं.

"भिया नको रे," त्या मला हळूच म्हणाल्या. मी सेव्ह केलं, दोन्ही दाखवलं. खस्स! स्विचचे दिवे गेले, पुन्हा एकेक करून हिरवे झाले.

परीक्षेला अर्धा तास झाला आणि खरोखरच वीज गेली. यूपीएसनेही मान टाकली. जनरेटर धडधडला, आणि काय सांगू, स्विच जसाच्या तसा उठला! मुलं थांबली होती तिथूनच पुढे सुरू. मी नाचायचाच बाकी होतो.

माझा करार वाढला. खरं काय झालं ते मॅडमनी कुणाला कधीच सांगितलं नाही.

दोन वर्षांनी, गोव्याला बहिणीकडे असताना, त्या काविळीने गेल्या. त्यानंतर मी पहिल्यांदा नवं सेटिंग टाकलं, सेव्ह केलं, ओळ न् ओळ जुळवली आणि प्लग स्वतःच ओढला. एक, दोन, चार, सगळे हिरवे!

"मॅडम, बघितलंत?" मी ओरडून मागे वळलो.

खुर्चीवर त्यांची उशी तेवढी होती.