साचा सुधारा!

आमच्या ऑफिसात कोणी ‘तात्पुरतं’ हा शब्द उच्चारला की सुनीती मोघे मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या राहायच्या. नव्या माणसाने दचकून कारण विचारलं तर म्हणायच्या, “वडीलधाऱ्यांसमोर बसू नये. या ऑफिसातल्या तात्पुरत्या गोष्टी माझ्याहून जुन्या आहेत.”

ऑफिस सॉफ्टवेअरचं, खालापूरला, झेरॉक्सच्या दुकानावर. पाटीवर ‘सोल्युशन्स’ लिहिलेलं. समस्या आम्ही आतच तयार करायचो. मॅडम कर्जतच्या. आजोबा शिक्षक, वडील वकील, त्यामुळे बरोबर असण्याची सवय घराण्यातच. ती लपवण्याचा शिष्टाचार मात्र कोणी शिकवला नव्हता, हे आमचं भाग्य.

आमचे प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालत. एक्स्प्रेसवेवर धडधडत जातात ते नव्हेत. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात भरतात, आणि हा डबा एका साच्यातून निघतो. जुना डबा बंद करून नवा काढला की तो साच्याबरहुकूम कोरा येतो. जुन्या डब्यात, तो चालू असतानाच, कोणी हाताने काही दुरुस्त केलेलं असेल, तर ते त्या डब्याबरोबर गेलं. मॅडम हे पेणच्या गणपतींवरून समजावत. “मूर्तीचं वाकडं नाक चाकूने सरळ केलंस, शाब्बास. साचा तसाच ठेवलास. आता पुढचा बाप्पा कसल्या नाकाचा निघेल, सांग?”

एका बंधाऱ्यातून पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या वस्त्यांना फोनवरून इशारा द्यायचं काम आम्हाला पाटबंधारे खात्याकडून मिळालं होतं. प्रोग्रॅम प्रत्येक वस्तीला एकदा फोन लावी. नाही लागला तर पुढच्या वस्तीकडे वळे. गावांना ते चालून गेलं. पण डोंगराच्या पायथ्याला ठाकरांची एक वाडी होती. तिथे इशाऱ्याचा फोन हौसाबाईंचा, आणि त्याला रेंज मनात आलं तर यायची. अधिकारी पाहणीला येणार त्या सकाळी आमचे मालक सुर्वे सर यांनी चालत्या डब्यातच हात घातला आणि ‘उचलेपर्यंत लावत राहा’ असं लिहिलं. वाडीचा फोन लागला. टाळ्या, फोटो, वाडीवर आणि ऑफिसात पेढे. क्रांती इतकी सोपी असते हे मला तेव्हाच कळलं.

मॅडमनी पेढा बाजूला ठेवला. “सर, हे साच्यात घालू द्या. मी लिहून, तपासून ठेवलंय. फक्त तुम्ही हो म्हणा.”

“मॅडम, तात्पुरतं चालतंय ना?”

मॅडम उभ्या राहिल्या.

“अहो बसा हो! साच्याला हात लावला की पुन्हा चाचणी, पुन्हा खात्याला कळवणं. आधीचं चुकीचं होतं का, असं विचारतील.”

“होतंच की.”

“ते आपल्याला माहीत आहे. त्यांना कशाला?”

जनतेला माहितीचा अधिकार असतो असं मी लहानपणापासून पत्रकांत वाचत आलो होतो. माहिती न देण्याचं कर्तव्य असतं, हे सुर्वे सरांनी शिकवलं.

मॅडमनी बरेच दिवस पाठपुरावा केला. शेवटी मला म्हणाल्या, “स्कूटर काढ.” आम्ही वाडीवर गेलो. हौसाबाई नदीवर कपडे आपटत होत्या.

“हौसाबाई, फोन येईल म्हणून नदीत निर्धास्त राहू नका. वरच्या वळणावर कोणाला तरी बसवत जा.”

“मंग ते सायेब पेढं कशाला वाटत व्हते?”

“फोन लागला म्हणून.”

“पुन्यांदा लागंल ना?”

“लागेलही. खात्री नाही.”

“म्हंजी आमच्या लायटीवानी हाय.” हौसाबाई हसल्या. “बसवू कुनाला तरी. आमचं कान शाबूत हायेत.”

पुढे सुरक्षेचं एक अपडेट आलं. मॅडम रजेवर होत्या. सुर्वे सरांनी ते जातीने टाकलं: जुना डबा बंद, साच्यातून नवा चालू. त्यांची दुरुस्ती त्यांच्याच हाताने पुसली गेली आणि त्यांना पत्ताही नाही. दुसऱ्याच दिवशी बंधाऱ्यातून पाणी सुटलं. वाडीला एकदा फोन गेला, रेंज नव्हती, प्रोग्रॅम इमानदारीने पुढच्या गावाकडे वळला. बायका तेव्हा पात्रात होत्या. वळणावर बसलेल्या हौसाबाईंच्या जावेने पाणी चढताना पाहिलं आणि जिवाच्या आकांताने हाक मारली. माणसं सगळी वर आली. कपडे आणि हंडे गेले.

अधिकाऱ्यांनी वाडीत बैठक घेतली. सुर्वे सर म्हणाले, “यंत्रणेमुळे जीवितहानी टळली.”

हौसाबाई जागेवरूनच बोलल्या, “कसली यंत्रना? फोन नाय आला. बाई आल्या व्हत्या.”

साचा तातडीने सुधारायचा हुकूम निघाला. मॅडमनाही तितक्याच तातडीने काढलं. ‘ग्रामस्थांच्या मनात यंत्रणेविषयी अविश्वास निर्माण केला’ हे कारण. आमच्या कंपनीने लिहिलेलं हे पहिलं अचूक वाक्य.

शेवटच्या दिवशी मॅडम पर्स खांद्याला लावून माझ्या टेबलापाशी आल्या. “साच्यात गेलं?”

“हो मॅडम.”

“कोणी सांगितलं म्हणून, की बघितलंस?”

मी उघडून दाखवलं. त्यांनी उभ्यानेच ओळ न् ओळ वाचली. “आता हा डबा बंद कर. नवा काढ. आणि वाडीला चाचणीचा फोन जाऊ दे.”

फोन गेला. रेंज नाही. पुन्हा गेला. पुन्हा नाही. खाली कर्जतची बस हॉर्न देत आली आणि गेली. मॅडमनी खिडकीकडे पाहिलंही नाही. सुर्वे सर केबिनमधून डोकावले. “मॅडम, तुमचं तर आता काही काम उरलं नाही ना?”

“थांबा हो, फोन लागतोय.”

बऱ्याच वेळाने पलीकडून तो उचलला गेला. चाचणीच्या ध्वनिमुद्रित आवाजावर हौसाबाई ओरडल्या, “हां, आयकते, बोला!”

मॅडम जिन्याकडे वळल्या.