कारणांची यादी

जळगावच्या एका केळीच्या पेढीत मी सोळा वर्षं फोनवर बसले. काम सांगायला सोपं होतं. कोणाची बाग कापायला आली ते विचारायचं, मजुरांची टोळी ठरवायची, ट्रक धाडायचा, माल निघाला का ते पाहायचं. बोलून बोलून घसा बसायचा, पण हौस फिटायची नाही. भडगावकडचे एक म्हातारे शेतकरी होते, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. त्यांना फोन केला की आधी दहा मिनिटं त्यांच्या बायकोचे, म्हणजे अक्कांचे दुखरे गुडघे, मग केळी. शेठ चिडवायचे, "केळी घेतेस की गुडघे?"

मग शेठच्या मुलाने एआय एजंट आणले, म्हणजे आपापलं काम स्वतःच उरकणारे कॉम्प्युटरचे प्रोग्राम. चार होते. एक शेतकऱ्यांचे संदेश वाचून माल कोणाचा तयार आहे ते ठरवी, दुसरा टोळी बोलावी, तिसरा ट्रक धाडी, आणि चौथा या तिघांवर लक्ष ठेवून शेतकऱ्यांचे कटाईचे नंबर लावी. त्यांचं आपसात इतकं जमायचं, की आमच्या ऑफिसात तसं कधी कोणाचं जमलं नव्हतं. त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगते, मला त्याचा ताठा चढला होता.

कटाई झाली नाही, तर टोळीच्या मुकादमाने मोबाइलवर कारण निवडायचं होतं. त्या कारणांची यादी मी केली. पाऊस, रस्ता खराब, मजूर कमी, शेतकरी तयार नाही. 'मयत' हा शब्दही लिहिला होता. पण त्याच दिवशी कॉम्प्युटरला हार घालून नारळ फोडायचा होता. नव्या कामाच्या पहिल्याच कागदावर असलं अभद्र कशाला, म्हणून मी तो खोडला. तसं काही झालंच तर मुकादम फोन करून सांगेल, असं मनात म्हटलं. फोन बंद व्हावेत म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता. एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही.

दोन महिने सुरळीत गेले. मग एका सकाळी टोळी नानांच्या दाराशी पोचली, तर तिथे तिरडी बांधणं चाललेलं. अक्का गेल्या होत्या. घरात मयत असताना त्या घरच्या बागेत कोणी विळा लावत नाही. टोळी मुकाट्याने मागे फिरली. मुकादमाने यादी पाहिली आणि त्यातल्या त्यात जवळचं म्हणून 'शेतकरी तयार नाही' दाबलं. पुढचं चौघांनी पाच मिनिटांत उरकलं. ट्रक दुसरीकडे वळवला, टोळी दुसऱ्याला दिली, नानांचा नंबर तळाला टाकला. तो पुन्हा वर येईपर्यंत केळी झाडावरच पिकून वाया गेली.

मला हे कळलं ते बऱ्याच दिवसांनी, मुकादम दुसऱ्याच कामासाठी ऑफिसात आला तेव्हा. दुसऱ्या दिवशी मी नानांच्या दारावर, दुखवट्याला गेले. नाना ओट्यावर बसले होते, डोक्यावर टोपी नव्हती. मी पाया पडले.

"पोरी, तू फोन काबर नई कया?" त्यांनी विचारलं.

"नाना, आता फोन मी करत नाही. मशीन सगळं बघतं."

त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्या हातात दिला. अक्कांना नेलं त्या दुपारचा संदेश होता. 'आपण कटाईस तयार नसल्याने आपला क्रमांक मागे टाकण्यात आला आहे. धन्यवाद.' खाली माझं नाव. शेतकऱ्यांना ओळखीचं वाटावं म्हणून सगळे संदेश माझ्या नावाने जायचे. तीही माझीच कल्पना.

"हाई नाव तुनंच शे ना?"

मी मान हलवली. यादीचं त्यांना सांगायचं धैर्य मला झालं नाही. मला स्वतःची किळस आली होती, अजूनही येते.

परत येऊन मी यादीत 'मयत' घातलं. आता कोणी ते कारण दाबलं की नंबर मागे जात नाही, आणि घरच्यांना शोकसंदेशही आपोआप जातो. शेठच्या मुलाने कौतुक केलं. पुढच्याच महिन्यात, आता शिकवायचं काही उरलं नाही म्हणून, मला घरी बसवलं. ते एक वेळ सोसवतं. पण संदेशांखालचं माझं नाव त्यांनी काढलेलं नाही. कोणाच्या घरी माणूस गेलं की तिथे माझं दुःख पोचतं, आणि कोण गेलं हे मला माहीतही नसतं.